टिचकी मारली म्हणजे सगळेच लिहून दिले का?

पत्राचा सारांश: सोलापुरातील एका भगिनींच्या घरी चार यंत्रमाग आहेत. टॉवेल आणि चादरींचे उत्पादन पती पाहतात, आणि गेली पाच वर्षे एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रीचा सगळा व्यवहार त्या स्वतःच्या नावाने सांभाळत आल्या आहेत. दिवाळीनंतर दोन ग्राहकांनी ‘माल अस्सल सोलापुरी नाही’ अशी तक्रार केली आणि दुसऱ्याच दिवशी, ‘विक्रेता धोरणाचा भंग’ एवढेच कारण देऊन कंपनीने त्यांचे खाते बंद केले. या गोष्टीला आता तीन महिने होत आले. विकल्या गेलेल्या मालाचे 3 लाख 86 हजार रुपये अडकले आहेत आणि कंपनीच्या गोदामात 640 नग पडून आहेत. प्रत्येक ईमेलला तेच छापील उत्तर येते. खाते बंद झाल्यावर त्यांनी प्रथमच अटी व शर्ती वाचल्या. कंपनी कारण न देता खाते बंद करू शकते, शिल्लक रक्कम जप्त करू शकते, 60 दिवसांत दावा मांडला नाही तर हक्क संपतो, आणि वाद झाल्यास कंपनीने नेमलेला लवाद बेंगळुरूत निवाडा देईल, असे त्यांत लिहिले आहे. नणंद म्हणतात ग्राहक आयोगात जा. दीर म्हणतात लघुउद्योगांच्या थकीत पैशांसाठी सरकारी परिषद आहे, तिथे जा. शेजारचे कारखानदार म्हणतात पोलिसांत फिर्याद द्या. आणि जाऊबाई स्वतःच्या नावाने नवे खाते उघडून द्यायला तयार आहेत. ‘मी सही कुठे केली होती? नुसती टिचकी मारली होती. तेवढ्यावर माझे सगळे हक्क गेले का?’ असे त्या विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत परस्परांच्या अगदी उलट असलेल्या दोन समजुती शेजारी शेजारी बसल्या आहेत. सही केली नाही म्हणजे करार झालाच नाही, ही एक. आणि करार झालाच असेल तर त्यात लिहिलेले सगळे अटळ आहे, ही दुसरी. पहिली समजूत सोडून द्यावी लागेल आणि दुसरी सोडून दिली तर फायदा तुमचाच आहे, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

1872 च्या भारतीय करार कायद्याला सामान्य करारासाठी शाईची सही लागत नाही. प्रस्ताव, त्याचा स्वीकार आणि मोबदला एवढे असले की करार होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यात नंतर घातलेल्या कलम 10-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला एवढ्या कारणाने कोणताही करार निरर्थक ठरत नाही. शिवाय 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी विक्रेत्यावरच असे बंधन घातले आहे की विक्री सुरू करण्याआधी त्याने संबंधित कंपनीशी लेखी करार केलेला असला पाहिजे. म्हणजे ‘आमच्यात करारच नव्हता’ असे म्हणण्यात तुमचाच तोटा. ‘वाचले नव्हते’ हे उत्तरही टिकत नाही. मागाचे कर्ज काढताना बँकेने पुढे केलेले पन्नास कागद तरी आपण कुठे वाचतो? तरी सही आपल्याला बांधतेच, आणि टिचकीही बांधते.

पण बांधणे म्हणजे प्रत्येक कलम वैध असणे नव्हे. तुमच्या वकिलांनी ‘अन्यायकारक अटी’ हा शब्द वापरला असेल, तर त्यावर सगळा भार टाकू नका, एवढे मी सांगेन. 1986 साली ब्रजोनाथ गांगुली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दुबळ्या पक्षाला निवडच नसताना त्याच्यावर लादलेल्या विवेकशून्य अटी न्यायालय उचलून धरणार नाही. त्याच निकालात असेही म्हटले आहे की दोन्ही बाजू व्यापारी असतील आणि व्यवहार व्यापारी असेल तर हे तत्त्व कदाचित लागू होणार नाही. कंपनीचा वकील नेमके तेच वाक्य वाचून दाखवील. विधी आयोगाने 1984 मधील 103 व्या आणि 2006 मधील 199 व्या अहवालात अन्याय्य अटींसाठी स्वतंत्र तरतूद सुचवली होती. ग्राहकांना 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना मिळाली. विक्रेत्यांच्या पदरात मात्र त्यातले काही पडले नाही. चार माग चालवणाऱ्या बाईला आणि देशभर गोदामे असलेल्या कंपनीला एकाच तागडीत ‘व्यापारी’ म्हणून तोलणे मला पटत नाही, पण आज कायदा जिथे उभा आहे तिथूनच आपल्याला चालायचे आहे.

तुमच्या बाजूची खरी बळकट कलमे जुन्या करार कायद्यातच आहेत. त्यातले कलम 28 पाहा. ठरावीक मुदत उलटली की हक्कच नष्ट होतो, असे लिहिणारी अट 1997 च्या दुरुस्तीपासून त्या मर्यादेत निरर्थक आहे. म्हणून ते 60 दिवस उलटून गेले या धास्तीने तुम्ही हात-पाय गाळले असतील, तर आधी सावरा. करारातून येणाऱ्या पैशाच्या मागणीसाठी मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षे असते आणि ती कंपनीला कमी करता येत नाही. त्याच कलमाच्या अपवादात वाद लवादाकडे नेण्याची मुभा आहे, त्यामुळे लवादाची अट मात्र वैधच राहते. थोडक्यात, वाद कुठे आणि कोणापुढे मांडायचा हे त्या अटी ठरवू शकतात. तो मांडूच नये, असे ठरवू शकत नाहीत.

आता कंपनी तुमची नेमकी कोण लागते, या प्रश्नाकडे येऊ. पत्रात एके ठिकाणी तुम्ही तिच्या ‘ग्राहक’ आहात आणि दुसऱ्या ठिकाणी तिने तुमचा माल ‘घेतला’ आहे. नणंद आणि दीर यांचे सल्ले याच दोन कल्पनांवर उभे आहेत, म्हणून ते दोन्ही डगमगतात. तुम्ही कंपनीला कमिशन देऊन सेवा घेतली हे खरे, पण ती नफ्याच्या धंद्यासाठी घेतली, आणि ग्राहकाच्या व्याख्येतून व्यापारी हेतू वगळलेला आहे. जुन्या कायद्यात स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्हींना सूट होती. 2019 च्या कायद्याच्या स्पष्टीकरणात फक्त वस्तू उरल्या. ग्राहक आयोगाचा दरवाजा तुमच्यासाठी पूर्ण बंद आहे असे मी म्हणत नाही, पण तुम्ही ग्राहक आहात की नाही यावरच पहिली दोन वर्षे जाण्याचा धोका आहे.

दीरांनी सांगितलेली परिषद 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याखालची. तिचे अधिकार मोठे आहेत: 45 दिवसांच्या पुढे पैसे थकवले तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण ते ‘खरेदीदारा’कडून मिळते, आणि ऑनलाइन बाजारपेठेने तुमचा माल विकतच घेतलेला नाही, अटींच्या पहिल्याच पानावर ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे लिहिलेले तुम्हाला सापडेल. परदेशी गुंतवणूक असलेल्या बाजारपेठेला तर स्वतःच्या मालकीचा साठा ठेवून विकण्याची परवानगीच नाही. कंपनीच्या समूहातील एखाद्या घाऊक संस्थेने तुमच्याकडून स्वतःच्या नावाने चादरी विकत घेतल्या असतील, तर तेवढ्या बिलांपुरता दीरांचा सल्ला सोळा आणे बरोबर ठरेल. जुनी बिले त्या नजरेने एकदा चाळा.

मग कंपनी कोण? तुम्ही सोलापूरच्या आहात, म्हणून उदाहरण दूर शोधायला नको. बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचा कांदा येतो, अडत्या तो विकून देतो, हमाली-तोलाई वजा करतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी ठेवतो. कांदा अडत्याचा नसतो आणि आलेले पैसेही त्याचे नसतात. तुमचा व्यवहार थेट याच वळणाचा आहे. ग्राहकाचे बिल तुमच्या जीएसटी क्रमांकावर फाटले, कर तुम्ही भरला, माल सदोष निघाला तर तो परत घेण्याची जबाबदारी ई-कॉमर्स नियमांनी तुमच्यावर टाकली. कंपनीने फक्त पैसे तुमच्या वतीने गोळा केले. करार कायद्याच्या कलम 218 प्रमाणे अभिकर्त्याने, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्या एजंटाने, मालकाच्या वतीने मिळालेली रक्कम, आपली न्याय्य वजावट करून, मालकाला दिलीच पाहिजे. कंपनी म्हणेल की आम्ही अभिकर्ते नाही असे अटींत स्पष्ट लिहिले आहे. त्यावर तुमचे उत्तर असे की नाव काहीही द्या, काम पाहा: विकत घेतले नाही असेही म्हणायचे आणि दुसऱ्याच्या वतीने पैसे घेतले नाहीत असेही म्हणायचे, तर मग ते पैसे कंपनीच्या खात्यात कोणत्या नात्याने पडून आहेत? हा मुद्दा हमखास जिंकेल असे वचन मी देत नाही, पण तुमच्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत भरीव वाटतो तो हाच. (अडत्यावर बाजार समितीच्या परवान्याची टांगती तलवार असते, ऑनलाइन बाजाराला अशी समिती नाही, हा या तुलनेतला सलणारा फरक.)

रक्कम जप्त करण्याच्या अटीबाबतही तसेच. करार मोडल्याबद्दल आधीच ठरवलेली रक्कम ही कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारा दंड नव्हे. 2015 च्या कैलाशनाथ असोसिएट्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कलमाखाली भरपाई मागायची तर नुकसान झालेले असावे लागते. दोन ग्राहकांनी दोन चादरी परत केल्या असतील तर त्यांची किंमत, ने-आणीचा खर्च, फार तर तपासणीचा खर्च. त्यापोटी पावणेचार लाखांवर हक्क सांगणे कंपनीला सोपे जाणार नाही. अर्थात काही काळ रक्कम रोखून ठेवणे आणि ती कायमची गिळणे यात फरक आहे. परताव्यांची मुदत संपेपर्यंत पैसे राखून ठेवणे न्यायालयालाही वाजवी वाटेल. म्हणून पहिल्या पत्रात ‘जप्त केले’ असा आरोप करण्याआधी ‘रोखले आहे की जप्त केले आहे, आणि कोणत्या कलमाखाली’ असे विचारा. त्याचे लेखी उत्तर, किंवा उत्तर न येणेही, पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

गोदामातील 640 नगांचा प्रश्न याहून सोपा आहे आणि तुम्ही त्याला पत्रात एकच ओळ दिली, याचे मला आश्चर्य वाटले. तो माल तुमचा आहे. कंपनी तो सांभाळणारी आहे. सांभाळण्याचा हेतू संपला की माल परत करणे हे तिचे कर्तव्य आहे, फार तर तिच्या देय शुल्कापुरता ती अडवून धरील. पण बहुतेक अटींत ठरावीक दिवसांनंतर साठवणुकीचे शुल्क वाढत जाते आणि शेवटी मालाची ‘विल्हेवाट’ लावण्याचा अधिकार कंपनीकडे जातो. पैशांचा वाद वर्षभर चालला तरी चालेल, मालाचा चालणार नाही. आजच माल परत मागणारी विनंती पोर्टलवरून करा, पोर्टल उघडत नसेल तर ईमेलने करा, आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीच्या टपालानेही पाठवा.

इथे तुम्हाला एक प्रश्न विचारावासा वाटतो, कारण पत्रात त्याचे उत्तर नाही. तुम्हाला पैसे आणि माल परत हवा आहे, की दुकान परत हवे आहे? तुम्ही दोन्ही एकाच दमात मागता, पण कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पैसे मागायला तुमच्याजवळ आधार आहे. खाते पुन्हा सुरू करायला भाग पाडण्याचा आधार मात्र फार तोकडा आहे, कारण जो करार स्वभावतःच कोणत्याही बाजूने संपवता येतो तो न्यायालय सक्तीने पुढे चालवायला लावत नाही. करार प्रत्यक्ष पाळायला केव्हा लावता येते हे ठरवणाऱ्या विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम 14 तसेच सांगते. आपल्याकडे कारण देण्याची आणि आधी सूचना देण्याची सक्ती विक्रेत्यांसाठी कुठल्या कायद्यात नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ई-कॉमर्सच्या अभ्यासात विक्रेत्यांच्या एकतर्फी अटींची तक्रार नोंदवली आणि अटी बदलताना वाजवी मुदतीची सूचना द्यावी असे सुचवले, पण ते कंपन्यांच्या स्वयंशिस्तीवर सोडले.

युरोपात तसे नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जगभर असेच असते’ हे वाक्य तुम्हाला कुणीतरी ऐकवलेच असेल. युरोपीय संघाचा 2019 चा 1150 क्रमांकाचा नियम जुलै 2020 पासून लागू आहे. त्याप्रमाणे अटी बदलायच्या तर किमान 15 दिवसांची सूचना, विक्रेत्याची सेवा कायमची बंद करायची तर काही अपवाद सोडून 30 दिवस आधी कारणांसह लेखी निवेदन, आणि मोठ्या कंपन्यांकडे अंतर्गत तक्रार यंत्रणा ही बंधने आहेत. त्याच्याही आधी, जुलै 2019 मध्ये, जर्मनीच्या स्पर्धा कार्यालयाच्या चौकशीनंतर ॲमेझॉनने विक्रेत्यांच्या अटी बदलल्या; खाते बंद करण्याआधी कारणांसह 30 दिवसांची सूचना देण्याचे मान्य केले आणि वाद फक्त लक्झेंबर्गच्याच न्यायालयात चालेल हा आग्रहही सोडला. म्हणजे अटी दगडावरची रेघ नसतात. दडपण आले की बदलतात. आपल्याकडे डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा मार्च 2024 मध्ये पुढे आला, पण मसुद्यावर तुमच्या मागांचे वीजबिल भागत नाही.

खाते मिळवण्याचा जो मार्ग आहे तो न्यायालयाचा नाही, पुराव्याचा आहे. तक्रार ‘अस्सल नाही’ अशी आहे ना? मग सूतखरेदीची बिले, मागांचे वीजबिल, उद्यम नोंदणी, विणकाम चालू असतानाची छायाचित्रे असे सगळे एका छोट्या टिपणासह एकत्र पाठवा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, हे तुम्हाला माहीत असेलच; पण त्या मानांकनाच्या नोंदवहीत ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमचे नाव आहे का? नसेल तर अर्ज करा. उद्या कुणी अस्सलपणावर बोट ठेवले तर त्या एका प्रमाणपत्राने जे काम होईल ते दहा ईमेलनी होणार नाही.

बेंगळुरूच्या लवादाची तुम्हाला सर्वांत जास्त धास्ती वाटते असे दिसते. सोलापूरहून उद्यान एक्स्प्रेस आहेच, पण बहुधा तीत बसावे लागणार नाही. करारात बेंगळुरू हे लवादाचे ‘स्थान’ असेल तर तिथली न्यायालये देखरेख करतील हे खरे. प्रत्यक्ष सुनावणी मात्र लवाद कुठेही घेऊ शकतो, दूरदृश्य पद्धतीनेही. लवाद कायद्याच्या कलम 29-ब प्रमाणे दोन्ही बाजूंनी लेखी संमती दिली तर तोंडी सुनावणीशिवाय, केवळ कागदपत्रांवर, सहा महिन्यांत निवाडा मागता येतो. तुमचे प्रकरण हिशेबाचे आहे, साक्षीदारांचे नाही, म्हणून हा मार्ग तुमच्यासाठीच केल्यासारखा आहे. नोटिशीत तो सुचवा.

‘कंपनीने नेमलेला लवाद’ ही अट तर आज जवळजवळ पोकळ झाली आहे. निकालात ज्याचे हितसंबंध आहेत त्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालात सांगितले, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाच्या बहुमतानेही एकतर्फी नेमणुकीच्या अटींवर निःपक्षपातीपणाच्या दृष्टीने बोट ठेवले. तुम्ही लवादाची मागणी करणारी नोटीस पाठवा, त्यात दोन-तीन निःपक्षपाती नावे सुचवा. 30 दिवसांत एकमत झाले नाही तर उच्च न्यायालयाकडे नेमणुकीचा अर्ज करता येतो. ही नोटीस कंपनीला ज्या दिवशी मिळते त्या दिवशी लवादाची कार्यवाही सुरू झाली असे कायदा मानतो, म्हणून मुदतीच्या दृष्टीनेही तिचे मोल आहे. एक सावधगिरी मात्र ठेवा. वाद उपस्थित झाल्यानंतर तुम्ही लेखी संमती दिलीत तर हरकत घेण्याचा हक्क सोडल्यासारखे होते. ‘अमुक व्यक्तीच्या नेमणुकीस माझी हरकत नाही’ अशा ओळीखाली वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. आणि इथे टिचकीही मारू नका.

खर्चाचा विचार केला पाहिजे. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाच लाखांपर्यंतच्या वादासाठी 45 हजार रुपये असे नमुना शुल्क दिले आहे, लवाद एकटा असेल तर त्यावर आणखी 25 टक्के. दोन्ही बाजूंनी अर्धे अर्धे वाटून घेतले तर तुमच्या वाट्याला सुमारे 28 हजार येतील, वकिलाची फी वेगळी. तरीही 3 लाख 86 हजारांसाठी ही पायरी चढण्याजोगी आहे. हाच वाद 40 हजारांचा असता तर मी तुम्हाला वेगळे सांगितले असते. आणि एक गोष्ट बहुतेक जणींना ठाऊक नसते: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. व्यवसाय तुमच्या नावाने आहे, तेव्हा नोटिशीचा मसुदा करून घेण्यासाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाण्यात कोणताही संकोच नको.

पोलिसांत जाण्याबाबत थोडक्यात: कंपनीने सुरुवातीपासूनच फसवण्याच्या हेतूने व्यवहार केला असे तुमच्या पत्रातून दिसत नाही, आणि दिवाणी वादाला फौजदारी रंग देण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने वारंवार नाराजी दाखवली आहे. तिकडे वेळ घालवू नका.

हे वाचणाऱ्या इतर विक्रेत्यांच्या अटींत लवादाचे कलम नसेल, फक्त ‘अमुक शहराच्या न्यायालयांचेच अधिकारक्षेत्र’ असे असेल, तर ते कलमही साधारणपणे टिकते, मात्र त्या शहराचा व्यवहाराशी मुळात काहीतरी संबंध असावा लागतो. दावा तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा आणि व्यापारी स्वरूपाचा असेल, तर तातडीचा हुकूम नको असल्यास आधी मध्यस्थीला जाणे 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्याने सक्तीचे आहे. कंपनीच्या छापील उत्तरांना कंटाळलेल्यांना त्यात निदान समोर एक जिवंत माणूस तरी भेटतो.

पुराव्याबद्दल तुमची तक्रार अशी की खाते बंद झाल्यामुळे विक्रीचे आकडेच दिसत नाहीत. ते दुसरीकडे आहेत. तुमच्या विक्रीवर बाजारपेठ जीएसटीपोटी स्रोतावर कर गोळा करते, जुलै 2024 पासून अर्धा टक्का, आणि दरमहा त्याचे विवरण सरकारला देते. तुमच्या जीएसटी लॉगिनमध्ये ते दिसते. ऑक्टोबर 2024 पासून ढोबळ विक्रीवर 0.1 टक्का आयकरही कापला जातो आणि तो तुमच्या पॅनच्या खाती नोंदतो. चारशे रुपये कापले असतील तर ढोबळ विक्री चार लाखांची झाली, आणि हे कंपनीनेच सरकारला कळवलेले आहे. उद्या तिला तो आकडा नाकारता येणार नाही. याच्या जोडीला कुरिअरच्या पावत्या, बँकेचे उतारे आणि आलेले प्रत्येक ईमेल मूळ स्वरूपात जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र लागते, ते वकिलांकडून वेळीच करून घ्या. अटींची जी आवृत्ती खाते बंद झाले त्या दिवशी लागू होती तीच मिळवा. संकेतस्थळावर आज दिसते ती नंतर बदललेली असू शकते. ज्यांची खाती सुरळीत चालू आहेत त्यांनी अटी बदलल्याचा प्रत्येक ईमेल आणि दर महिन्याचा हिशेब आपल्या संगणकावर उतरवून ठेवण्याची सवय आजच लावावी, आणि सगळा माल एकाच गोदामात व सगळी विक्री एकाच खात्यावर ठेवू नये.

नोटिशीत काय असावे हेही सांगून ठेवतो. रोखलेली रक्कम ऑर्डरनिहाय तक्त्यासह, माल परत करण्याची मागणी नगांच्या संख्येसह, नोटिशीच्या तारखेपासून व्याजाची मागणी, कोणत्या धोरणाचा भंग कसा झाला याचा खुलासा मागणे, आणि पंधरा दिवसांत समाधान न झाल्यास हीच लवादाची मागणी समजावी हे वाक्य. भाषा थंड ठेवा. पाच वर्षांचा राग पाच पानांत उतरवला की महत्त्वाची रक्कम तिसऱ्या पानावर हरवते.

राहता राहिल्या जाऊबाई. त्यांची तयारी मायेची आहे, पण ती स्वीकारू नका. बंद झालेल्या विक्रेत्याने दुसऱ्याच्या नावाने परत येऊ नये, असे बहुतेक अटींत स्पष्ट असते; पत्ता, बँक खाते, मोबाइल, अगदी छायाचित्रांवरूनही संबंध जुळवला जातो. तसे झाले की आज जी कंपनी ‘धोरणभंग’ सिद्ध करू शकत नाही तिच्या हातात तुम्हीच खराखुरा धोरणभंग द्याल, आणि जाऊबाईंचे पैसेही तुमच्या पैशांशेजारी जाऊन बसतील. दुसऱ्या एखाद्या बाजारपेठेवर, स्वतःच्याच नावाने आणि त्याच जीएसटी क्रमांकावर, तुम्ही उद्याही उभ्या राहू शकता. एका कंपनीने खाते बंद केल्याने तो हक्क कुठेही जात नाही. फक्त या वेळी ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर टिचकी मारण्याआधी चार गोष्टी पाहून घ्या: पैसे किती दिवस रोखता येतात, माल परत कसा मिळतो, वाद कुठे चालतो, आणि अटी बदलल्याचे कळवणार कसे. आणि त्या पानाची एक छापील प्रत काढून सूताच्या बिलांच्याच फायलीत ठेवा.